सोलापूरहून उडताना खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी?

उन्हाळ्यात सोलापूर स्टँडवर पुण्याच्या एसटीत चढणारा माणूस आधी एक हिशोब करतो: ऊन कुठल्या बाजूनं येणार? मग सावलीकडची खिडकी धरतो. विमानाचं तिकीट काढताना मात्र तोच माणूस नुसतं ‘विंडो’ बघतो आणि जी मोकळी असेल ती सीट घेतो. मग तासाभराच्या प्रवासात अर्धा वेळ समोर पांढरा पंख आणि उरलेला वेळ डोळ्यांवर ऊन.

खिडकी निवडताना तीन गोष्टी ठरवायच्या, आणि याच क्रमानं: आधी बाजू, मग रांग, मग त्या रांगेतली नेमकी खिडकी. बाजू चुकली तर जादा पैसे देऊन घेतलेली पुढची सीटही वाया जाते. बाजू बरोबर असेल तर रांग थोडी इकडेतिकडे झाली तरी चालून जातं.

बाजू कशी ठरवायची

मोबाइलवर नकाशा उघडा. दोन बोटांनी तो असा फिरवा की सोलापूर खाली आणि जायचं ठिकाण बरोबर वर येईल. आता मधल्या रेषेच्या डावीकडे जे आहे ते डाव्या खिडकीतून दिसणार, उजवीकडचं उजव्या खिडकीतून. डाव्या खिडकीची सीट नेहमी ‘ए’. उजव्या खिडकीला बहुतेक विमानांत ‘एफ’ असतं. दोन-दोन सीटांच्या छोट्या विमानांत काही कंपन्या ‘डी’ही लिहितात, म्हणून सीटांच्या नकाशात शेवटचं अक्षर कुठलं आहे ते पाहून घ्या.

इथे एक चूक हमखास होते. मोबाइलवरच्या सीटांच्या नकाशात विमानाचं नाक वर असतं, तेव्हा सगळं सरळ असतं. कॉम्प्युटरवर काही ठिकाणी विमान आडवं दाखवतात, नाक डावीकडे. अशा चित्रात ‘ए’ची ओळ खालच्या बाजूला येते आणि बघणाऱ्याचा गोंधळ उडतो. चित्रावर विसंबू नका, अक्षर वाचा.

विमान नकाशावरच्या सरळ रेषेवरूनच जातं असं नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात आणि हवामानामुळे वळसाही पडतो. विमानांचा मार्ग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या वेबसाइटवर आपल्या फ्लाइटचा क्रमांक टाकला की आधीच्या दिवसांत ते विमान कुठून गेलं ते दिसतं. दोन-तीन दिवसांचे मार्ग पाहिले तरी अंदाज पक्का होतो.

आता महत्त्वाची गोष्ट: बरोबर खाली असलेलं गाव दिसत नाही. खिडकीची कड आणि विमानाचं पोट आड येतं. सगळ्यात छान दिसतं ते बाजूला थोडं दूर असलेलं. साधा हिशोब असा की विमान जितक्या उंचीवर असेल, साधारण तेवढ्याच ते तिप्पट अंतरावरचा भाग नीट दिसतो. मोठं जेट १० किलोमीटर उंचीवरून जात असेल तर मार्गापासून १० ते ३० किलोमीटर बाजूची धरणं, नद्या, गावं खिडकीच्या मधोमध येतात. पंख्याचं एटीआर विमान ५ किलोमीटरच्या आसपास उडत असेल तर ५ ते १५ किलोमीटरचा पट्टा. म्हणून नकाशावर रेषेला चिकटलेली ठिकाणं सोडून द्या आणि थोडी बाजूची शोधा.

सोलापूरहून मुंबई, बंगळूर, गोवा

मुंबईचा मार्ग पश्चिमेपेक्षा थोडा उत्तरेकडे झुकलेला आहे. नकाशावर रेषा ओढली की ती उजनीच्या भिंतीजवळून जाते. भिंत जवळजवळ विमानाखालीच येते, म्हणून ती दिसेलच असं नाही. पण मागचं पाणी वायव्येकडे पसरलेलं आहे आणि भिगवण या रेषेच्या उजवीकडे जेमतेम १० किलोमीटरवर येतं. म्हणजे उजनीचा फुगवटा बघायचा असेल तर जाताना उजवी खिडकी, ‘एफ’. ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं तेव्हा पाण्याची बोटं उसाच्या हिरव्या पट्ट्यांत शिरलेली दिसतात. मेमध्ये, विशेषतः उजनी मायनसमध्ये गेलेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठ्यावर आलेलं असेल तेव्हा, तेच पाणी आकसून मधल्या पात्राशी येतं आणि भोवती गाळाची फिकट किनार उघडी पडते. वर्तमानपत्रात रोज वाचलेली टक्केवारी वरून एका नजरेत कळते, आणि सोलापूरच्या माणसानं ती एकदा तरी पाहावी.

याच मार्गावर डाव्या बाजूला पंढरपूर आहे, रेषेपासून साधारण २५ किलोमीटर दक्षिणेला. भीमेनं तिथे घेतलेलं चंद्रकोरीसारखं वळण, ज्यावरून तिला चंद्रभागा म्हणतात, ते स्वच्छ हवेत ओळखू येतं. पुढे सह्याद्री आला की डावी बाजू जास्त भरगच्च आहे: पवना, मुळशी, लोणावळ्याचे कडे. म्हणजे दोन्ही बाजूंना काही ना काही आहे, आणि निवड वेळेवर सोडायची. सकाळचं विमान असेल तर ऊन मागून येतं, तेव्हा डावी बाजू घ्या. दुपारनंतरचं असेल तर, थंडीत तर नक्कीच, ऊन डावीकडे येतं, तेव्हा उजवी.

मुंबईत विमान बहुतेक वेळा पूर्वेकडून उतरतं. ठाण्याची खाडी ओलांडली की उजवीकडे पवईचा तलाव आणि त्यामागे नॅशनल पार्कचे डोंगर, डावीकडे चेंबूर आणि बंदराकडचा भाग. शेवटची पाच मिनिटं उजवी बाजू सरस.

बंगळूरला जाताना निवड सोपी आहे. मार्ग दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला झुकलेला. बघण्यासारखं जवळजवळ सगळं पश्चिमेला, म्हणजे उजवीकडे. आधी हत्तरसंग कुडलचा सीना-भीमा संगम, जिथला शके ९४० चा मराठी शिलालेख प्रसिद्ध आहे. मग कृष्णेवरचं नारायणपूर धरण, रेषेपासून साधारण १५ किलोमीटरवर, म्हणजे अगदी नेमक्या अंतरावर. त्याच्याही पलीकडे अलमट्टीचं पाणी, पण ते क्षितिजाकडे चमकणाऱ्या पट्टीएवढंच. शेवटी हंपीच्या बाजूचे दगडी डोंगर आणि तुंगभद्रा जलाशय, ४० ते ५५ किलोमीटरवर. सकाळी जाणार असाल तर ऊनही डावीकडे राहतं. मग दुसरा विचारच नको.

गोव्याचा मार्ग नैऋत्येला. उजवीकडे कृष्णाकाठ, मिरज, लांबवर कोल्हापूरची बाजू. डावीकडे सुरुवातीला सीना-भीमेचा संगम, पुढे घटप्रभेवरचं हिडकल धरण, आणि घाट उतरताना तिळारीचा भाग. दुपारचं ऊन समोरून आणि उजवीकडून येतं, म्हणून दुपारच्या विमानात डावी बाजू, सकाळच्या विमानात उजवी. गोव्यातल्या मोपा विमानतळाची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. उतरण्याआधी विमान समुद्राकडून वळून आलं तर किनाऱ्याची रेघ दिसते, पण ते त्या दिवशीच्या वाऱ्यावर.

परतीच्या तिकिटावर अक्षर उलटं करायचं. जाताना उजनी ‘एफ’कडे होती, येताना ती ‘ए’कडे येते. जाण्यायेण्याचं एकत्र बुकिंग करताना दोन्हीकडे एकच अक्षर टाकणारे खूप असतात.

सोलापूर शहर विमानतळाच्या वायव्येला आहे. तळ्याच्या मधोमध असलेलं सिद्धेश्वराचं मंदिर आणि त्याला लागून असलेला भुईकोट वरून बघायची प्रत्येकाची इच्छा असते. त्यासाठी मात्र खात्रीची खिडकी सांगता येत नाही. विमान वारा समोरून घेऊन उडतं आणि उतरतं, त्यामुळे धावपट्टीचं कुठलं टोक वापरायचं ते त्या वेळच्या वाऱ्यावर ठरतं. उड्डाणानंतर विमान ज्या बाजूला कलून वळेल त्या बाजूच्या खिडकीला जमीन दिसते, दुसऱ्या बाजूला नुसतं आकाश.

ऊन कुठे, सावली कुठे

उन्हाच्या बाजूची खिडकी वाईट का? खिडकीच्या प्लॅस्टिकवर बारीक ओरखडे असतात. ऊन थेट पडलं की प्रत्येक ओरखडा चमकतो आणि पलीकडचं सगळं दुधाळ होतं. हवेतली धूळही उन्हाच्या दिशेला बघताना जास्त पांढरी दिसते. सूर्य पाठीमागे असला की जमिनीचे रंग खरे दिसतात: काळी रानं काळी, ऊस हिरवा.

वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेला असतो. पण सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी तो डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. त्या काळात बाराच्या विमानाला बाजूचा फारसा फरक पडत नाही. ऊन छपरावरच असतं.

सावलीकडच्या खिडकीचा आणखी एक लाभ आहे. खाली ढगांचा थर असेल तर त्यावर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत गोल वलय दिसतं. हे सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूलाच दिसतं, उन्हाकडच्या प्रवाशाला कधीच नाही. पावसाळ्यात जमीन दिसत नाही म्हणून हिरमुसू नका, त्या दिवसांत हे वलय शोधा.

सूर्यास्त बघायचा असेल तर अर्थात उलट. सोलापूरहून संध्याकाळी बंगळूरला जाताना ‘एफ’ घ्या आणि बाकी दृश्यांची आशा सोडा.

रांग: पंख कुठे, इंजिन कुठे

एटीआर ७२ हे पंख्याचं विमान आहे आणि त्याचा पंख खिडक्यांच्या वर असतो. जमीन बघायला यापेक्षा चांगलं विमान नेहमीच्या प्रवासात मिळत नाही. ते जेटपेक्षा खालून आणि हळू जातं, त्यामुळे रस्ते, बंधारे, विहिरीसुद्धा ओळखू येतात. अडथळा होतो तो इंजिनाच्या लांबट डब्याचा आणि सहा पात्यांच्या पंख्याचा, पुढच्या आणि मधल्या काही रांगांत. म्हणून विमानाच्या मागच्या एक तृतीयांश भागातली रांग घ्या: दृश्य मोकळं, आवाज कमी, आणि या विमानात प्रवाशांचं दार मागेच असतं म्हणून उतरायलाही लवकर. पंखाच्या किंचित मागच्या खिडकीतून चाकं बाहेर येताना आणि जमिनीला टेकताना दिसतात. मुलं बरोबर असतील तर तीच जागा धरा.

एम्ब्रेअर ई१७५ मध्येही सीटा दोन-दोन, मधली सीट नाहीच. पण इथे पंख खिडकीच्या खाली आणि इंजिन पंखाखाली. मधल्या रांगा पंखावर येतात, त्या टाळा. पुढचा भाग सगळ्यात चांगला, पण तिथे बिझनेस क्लास असतो. परवडत नसेल तर इकॉनॉमीची पहिली रांग किंवा शेवटच्या चार-पाच रांगा.

पुण्याहून किंवा हैदराबादहून मोठ्या विमानानं जाणार असाल तर ते बहुधा एअरबस ए३२० नाहीतर बोइंग ७३७ असेल. ए३२० मध्ये साधारण ३० रांगा, आणि ९ ते २० च्या दरम्यानच्या सीटांना पंख आड येतो. आणीबाणीच्या दाराची सीट पाय पसरायला छान म्हणून जास्त पैसे घेतात, पण ती पंखावरच असते. दृश्यासाठी ती सगळ्यात वाईट सीट. पंखाच्या लगेच मागच्या रांगांत वेगळीच अडचण: इंजिनाची गरम हवा मधून वाहते आणि जमीन तव्यावरच्या वाफेतून पाहिल्यासारखी थरथरते. फोटोत ती थरथर आणखी ठळक येते. म्हणून २ ते ७ या रांगा आधी बघा. त्या नाही मिळाल्या तर २४ च्या पुढे, पण अगदी शेवटची रांग नको: पाठ मागे झुकत नाही आणि संडासाची रांग खांद्याशी उभी राहते.

भिंतीची सीट

‘विंडो’ म्हणून घेतलेल्या जागी खिडकीच नसते, असंही होतं. विमानाच्या खिडक्या कारखान्यात ठरतात, सीटा किती अंतरावर बसवायच्या ते कंपनी ठरवते. ए३२० मध्ये दोन खिडक्यांत २१ इंच अंतर असतं. सीटा २८ इंचांवर असतील तर दर तीन सीटांमागे चार खिडक्या येतात. म्हणजे तिघांपैकी कोणाच्या तरी खांद्याशी खिडक्यांमधली भिंत येणारच, आणि त्याला मान पुढे काढून किंवा मागे वळून बघावं लागतं. ७३७ मध्ये तर पंखाच्या पुढे, डाव्या बाजूच्या साधारण ९ ते ११ या रांगांपैकी एकीला खिडकीच नसते, कारण तिथल्या भिंतीतून एसीची हवा वर नेणारी नळी जाते.

यावर उपाय आहे. एरोलोपा या वेबसाइटवर मोठ्या विमान कंपन्यांच्या सीटांचे मापात काढलेले नकाशे आहेत, त्यात प्रत्येक खिडकी कुठे येते ते दिसतं. आपल्या विमानाचा प्रकार शोधायचा आणि ज्या सीटच्या किंचित पुढे खिडकी आहे ती निवडायची. पुढे असलेली खिडकी मागे असलेल्या खिडकीपेक्षा केव्हाही बरी, कारण माणूस सहज पुढेच बघतो.

केव्हा जायचं

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ सर्वोत्तम. पावसानं धूळ बसलेली, धरणं भरलेली, सह्याद्री अजून हिरवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरकट थर जमिनीलगत अडकून राहतो, तेव्हा दहानंतरचं विमान बरं. एप्रिल-मेमध्ये धूळ उंचावर चढते आणि ४०-५० किलोमीटरपलीकडचं सगळं पुसट होतं. तेव्हा अलमट्टी, कोल्हापूर अशा लांबच्या गोष्टींसाठी बाजू निवडू नका, जवळचं बघा. दुपारी धक्केही जास्त बसतात, कारण तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते. उन्हाळ्यात सकाळचं विमान डोळ्यांना आणि पोटाला दोन्हीला मानवतं.

दिल्लीहून पुढे जाणाऱ्यांसाठी एवढंच लक्षात ठेवा: हिमालय श्रीनगरला जाताना उजवीकडे, बागडोगरा, गुवाहाटी किंवा काठमांडूला जाताना डावीकडे. येताना उलट. यात चूक करू नका, कारण स्वच्छ दिवशी बागडोगऱ्याच्या विमानातून एव्हरेस्ट आणि कांचनगंगा एकाच प्रवासात दिसू शकतात, आणि दुसऱ्या बाजूला नुसतं गंगेचं मैदान असतं.

काच, मोबाइल, चष्मा

आपल्या बाजूचा जो थर हाताला लागतो तो काच नव्हे, प्लॅस्टिक आहे. त्यावर आधीच्या प्रवाशाच्या डोक्याचं तेल असतं. कोरड्या सुती रुमालानं हलकेच पुसा. सॅनिटायझर लावू नका, अल्कोहोलनं या प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. मधल्या थराच्या खालच्या बाजूला एक इवलंसं छिद्र असतं, त्याच्याभोवती उंचावर बर्फाच्या सुया जमतात. तो दोष नाही. दाब सांभाळण्यासाठी ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं.

पोलराइज्ड गॉगल काढून ठेवा. त्यातून बघितलं की खिडकीवर इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतात आणि बाहेरचे रंग बिघडतात.

फोटो काढताना मोबाइल खिडकीजवळ न्या पण टेकवू नका, टेकवला की विमानाची थरथर चित्रात उतरते. आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येत असेल तर गडद रंगाचा सोलापुरी टॉवेल मोबाइलभोवती धरा, लगेच जातं. फ्लॅश बंद. एटीआरमध्ये पंख्याची पाती चौकटीत घेऊ नका, मोबाइलचा कॅमेरा चित्र ओळीओळीनं टिपतो म्हणून ती वाकडी, तुटलेली येतात. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ आहे. तिथे जमिनीवर आणि चढता-उतरताना फोटो काढायचे नाहीत, आणि खिडकीचं शटर खाली करायला सांगितलं तर करायचं.

सीट हातात कशी येते

तिकीट काढतानाच पैसे भरून सीट घेतली तर ती पक्की. वेब चेक-इन साधारण ४८ तास आधी सुरू होतं. फुकटच्या खिडक्या त्याच वेळी सुटतात आणि लवकर संपतात, म्हणून मोबाइलला गजर लावून ठेवा. काहीच निवडलं नाही तर यंत्रणा उरलेली सीट देते, आणि मोठ्या विमानात ती बहुधा मधली असते.

प्रवासाच्या दिवशी सकाळी सीट पुन्हा तपासा. विमान बदललं की जुना क्रमांक नव्या विमानात भलत्याच जागी पडतो. काल मोकळ्या दृश्याची असलेली रांग आज पंखावर येऊ शकते.

खिडकी मिळालीच नाही, तर बोर्डिंग पूर्ण होऊन दार लागेपर्यंत थांबा आणि मग क्रूला विचारा. छोट्या विमानात पुढेमागे वजनाचा तोल सांभाळावा लागतो, म्हणून उड्डाणाआधी पाच रांगा मागे जायला ते नकार देतील. तेव्हा त्याच रांगेतली पलीकडची खिडकी मोकळी आहे का ते विचारा, ती बहुतेक वेळा मिळते. मागची हवी असेल तर पट्ट्याचा दिवा विझल्यावर पुन्हा विचारा. मुंबईच्या वाटेवर मात्र फार वेळ थांबू नका, उजनी उड्डाणानंतर थोड्याच वेळात येते.